पप्पा हजर, बाया गैरहजर

दर रविवारी सकाळी आमच्या जठारपेठेतल्या घरात जेवायच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. मधोमध लॅपटॉप, डावीकडे माझा फोन, उजवीकडे दूरशिक्षण केंद्राने दिलेला टॅब आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केलेला नवऱ्याचा जुना फोन. लॅपटॉपवर वर्ग चालतो, टॅबवर पोर्टल उघडं असतं, माझ्या फोनवर विद्यार्थ्यांचा ग्रुप. जुन्या फोनवरून मी स्वतःच्याच वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसलेली असते, कारण माझी पाटी समोरच्यांना दिसते आहे की नाही हे कळायला दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही. नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. एकदा चहाचा कप ठेवायला त्याने टेबलावर जागा शोधली, ती मिळाली नाही, तेव्हा कप हातात धरूनच म्हणाला, "धरनाचे दरवाजे उघडाले इतकी यंत्रं नव्हती लागत आमाले." मी माइक बंद करायची विसरले होते. सगळ्या वर्गाने ते ऐकलं, आणि पुढचे चार-सहा रविवार विद्यार्थी मला विचारत होते, "मॅडम, सायेबाले चहा ठेवाले जागा भेटली का?"

आठवडाभर मी शाळेत शिकवते. रविवारी मी संमंत्रक असते. बाहेरून बारावी देणाऱ्या मोठ्या माणसांसाठी अमरावतीला एक दूरशिक्षण केंद्र आहे आणि तिथे शिक्षकाला शिक्षक म्हणत नाहीत, संमंत्रक म्हणतात. मानधनात मात्र त्याने काही फरक पडत नाही. माझा विषय सहकार. पतसंस्था, दूध संघ, बचत गट, त्यांच्या सभा, त्यांचे नियम. विद्यार्थी दोन जिल्ह्यांत पसरलेले. कोणी अंजनगाव सुर्जीला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून ऐकणारा, कोणी दर्यापूरला शिवणयंत्र चालवता चालवता. मी अकोल्यात. या प्रकाराला पूर्वी लोक उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. आता ऑनलाइन म्हणतात आणि उंटाला पासवर्ड लागतो.

पासवर्ड एक असता तर मी काही बोलले नसते. वर्गाच्या ॲपचा वेगळा, पोर्टलचा वेगळा, चाचणीच्या ॲपचा तिसराच. वर्गाचं ॲप कोण आलं ते बघणार आणि पोर्टलला कळवणार. चाचणीचं ॲप उत्तरं तपासणार आणि तेही पोर्टलला कळवणार. पोर्टल सगळं ऐकून घेऊन सत्राच्या शेवटी अमरावतीला निकाल सांगणार. मधल्या काळात ते आम्हा संमंत्रकांना काहीही सांगत नाही. आमच्या मोठ्या जाऊबाईंचा स्वभाव असाच आहे, त्यामुळे मला त्याची सवय होती.

माझ्या वर्गात सगळ्यात मोठा आवाज एका चौकटीतून यायचा. तिच्याखाली नाव असायचं, 'पप्पा'. चौकटीत मात्र पप्पा कधीच दिसले नाहीत. दिसायच्या आठ-नऊ बाया. तेल्हाऱ्याच्या अलीकडे एक खेडं आहे, तिथल्या अंगणवाडीच्या ओसरीत या सगळ्या चटईवर दाटीवाटीने बसायच्या आणि समोर पालथ्या पातेल्यावर एक फोन उभा करायच्या. फोन त्यांच्यातल्या एकीच्या सासऱ्यांचा. तिच्या नवऱ्याने त्यात बापाचं नाव जसं हाक मारतात तसंच घातलेलं. बाकीच्या घरचे फोन रविवारी सकाळी पुरुषमाणसांच्या खिशातून शेतात गेलेले असत आणि सासरेबुवा गुडघ्यामुळे घरीच. म्हणून सगळ्यांच्या शिक्षणाचा भार त्यांच्या एका फोनवर. मीही सरावाने म्हणायचे, "पप्पा, आवाज कमी करा." "पप्पा, मेथी निवडून झाली असेल तर वहीकडे बघा." की चौकटीत खसखस पिकायची.

या बायांचा बचत गट जुना. मिरचीचं लोणचं करून विकायच्या. एकत्र बसायची सवय हाडात मुरलेली, तेव्हा बारावीही एकत्र बसूनच करायची यात त्यांना वेगळं काही वाटलं नाही. कल्पना मुळात त्या अंगणवाडीच्या मदतनीसबाईंची. चाळिशीच्या, उंच, ठसठशीत आवाजाच्या. प्रश्न विचारला की उत्तर पहिलं त्यांचं, बरोबर असो की चूक. त्यांचं त्या बारावीवर बरंच काही अडलेलं होतं. तिथल्या अंगणवाडीच्या सेविकाबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीसबाईंना त्या जागी बढती मिळू शकत होती, पण बारावी पास असल्या तरच. नाहीतर बाहेरून कोणीतरी पोरगी येणार, आणि ज्या अंगणवाडीत यांनी अर्धं गाव लहानाचं मोठं केलं तिथेच यांनी तिच्या हाताखाली खिचडी ढवळत बसायचं. त्या मला म्हणायच्या, "मॅडम, खिचडीचं मले काई नाई. पन पोट्ट्यायले शिकवाची मले लय हौस हाये."

दिवाळीनंतर चाचणी झाली. चाचणी ज्याची त्याने एकट्याने सोडवायची, असं मी ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकलं. तेल्हाऱ्याकडून लगोलग जोडलेल्या हातांची चित्रं आली. मग संध्याकाळी घरोघरचे फोन शेतातून परत आल्यावर एकेक बाई आपापला फोन घेऊन निघाली आणि सगळ्या त्याच ओसरीत जाऊन बसल्या. का, तर गावात रेंज तिथेच येते. आता काय बोलायचं?

बोलायला लावलं ते अमरावतीच्या केंद्रसंयोजकांनी. तरुण माणूस, भलता अदबशीर, पोर्टलवर गाढ श्रद्धा. शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

"मॅडम, एक छोटासा इश्यू आहे. तुमच्या तेल्हाऱ्याकडच्या बायका वर्गाला एकदाही आलेल्या नाहीत."

"एकदाही नाही? मग सर, माझा वर्ग दर रविवारी डोक्यावर कोण घेतं?"

"सिस्टीममध्ये दिसत नाहीत ना. तिकडून एकच जण येतात, पप्पा म्हणून. त्यांची हजेरी शंभर टक्के आहे. पण मॅडम, पप्पांचा आपल्याकडे प्रवेशच नाही."

मी इतक्या जोरात हसले की शिक्षकखोलीत दोघांच्या हातातला घास हातातच राहिला. सर हसले नाहीत. म्हणाले, "पुढचं ऐका. वर्गाला न आलेल्या या सगळ्या जणींची चाचणीतली उत्तरं जवळपास एकसारखी आहेत. एक चुकलेलं उत्तर तर तंतोतंत तेच. पोर्टलने सगळ्यांवर लाल खूण केली आहे. खूण निघाली नाही तर परीक्षेचा अर्ज उघडणार नाही आणि अर्जाची मुदत पंधरवड्यावर आली आहे."

माझं हसू तिथेच जिरलं. चुकलेला प्रश्न कोणता ते विचारलं. प्रश्न असा होता: बैठकीला वारंवार गैरहजर राहणाऱ्या सभासदाबाबत बचत गटाने काय करावे? चार पर्याय. बरोबर उत्तर, नियमाप्रमाणे दंड आकारावा. पुस्तकात तसंच आहे आणि मी तसंच शिकवलं होतं. या सगळ्यांनी मात्र शेवटच्या पर्यायावर बोट ठेवलं होतं: पुढची बैठक त्या सभासदाच्या घरी घ्यावी. तो पर्याय प्रश्न काढणाऱ्याने निव्वळ चौथा पाहिजे म्हणून घातला असावा.

खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. हसत-खिदळत एकमेकींच्या वहीत डोकावणाऱ्या या बाया मी वर्षभर बघत होते. मदतनीसबाईंना फोन लावला आणि सरळच विचारलं. वेळ दुपारची, त्या कापूस वेचायला गेलेल्या. फोनमध्ये वारा घोंगावत होता.

"एकमेकीले पुसून नाई लिवलं आमी," त्या म्हणाल्या. "पन मानते कोन? मॅडम, माहं नाव कापून टाका. संग बसाची अक्कल माही होती. बाकीच्यायचं कायले नुकसान?"

"तुमची सेविकेची जागा?"

"जाईल मंग."

मी भडकले. मोठेपणाचा मला आधीच तिटकारा आहे आणि तो दुसऱ्याने दाखवला की जास्तच. म्हटलं, "बाई, नाव कापायचं की ठेवायचं ते मी बघते. तुम्ही कापूस वेचा." आणि फोन ठेवून दिला. काय बघणार होते मी? कपाळ?

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अवं, पन वर्गाचं तर शूटिंग होते ना दर वेळी?" काखेत कळसा आणि गावाला वळसा! वर्षभराचा प्रत्येक वर्ग ॲपने साठवून ठेवला होता आणि त्यात पप्पांची चौकट होती. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही दोघं टेबलाशी बसायचो. मी चित्र थांबवायचे, तो चष्मा पुसून पुढे वाकायचा. "ही मेथीवाली. हजर. ही मांडीवर पोरगं घेऊन बसते ते. हजर. ही डुलक्या घेऊन राहिली, पन हजर." नावं कळेनात तेव्हा मी ते थांबवलेलं चित्र ग्रुपवर टाकायचे आणि तिकडून नावं यायची. सगळ्यांच्या चेहऱ्यांशी त्याची ओळखच झाली. एकदा काळजीने म्हणाला, "आज ते निळ्या लुगड्याची नाई दिसत. बरं असंल ना तिचं?" मी म्हटलं, "अहो, हा श्रावणातला वर्ग आहे." तरी पुढचं चित्र लावेपर्यंत त्याला चैन पडलं नाही. पुढच्या वर्गात ती दिसली.

चौकटीतले चेहरे, तारखा, नावं, सगळं अमरावतीला पाठवलं. सरांचा फोन आला. हजेरी त्यांनी मान्य केली आणि स्वतःहून दिलगिरीही व्यक्त केली. "पण मॅडम, उत्तरांचं काय? हजर होत्या म्हणजे नक्कल केली नाही असं होत नाही ना?" माणूस अदबशीर होता, पण भोळा नव्हता. मी म्हटलं, "मग तुम्ही स्वतः या आणि एकेकीला समोर बसवून विचारा." मला वाटलं, टाळतील. पण त्यांचं गाव अंजनगाव सुर्जी. म्हणाले, "रविवारी आईकडे जाणारच आहे. तसाच पुढे अकोटवरून येतो."

त्या रविवारी मी अकोल्याहून एसटीने गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, शेताशेतांत वेचणी चालू. आमच्या बाया सकाळपासून वेचून दुपारी थेट तिकडूनच आल्या. कोणाच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले, कोणाच्या कमरेची कापसाची ओटी अजून सोडायची राहिलेली. सर ओसरीत अंगणवाडीच्या पोरांच्या इवल्या खुर्चीवर बसले होते आणि गुडघे हनुवटीला लागत होते. समोर दुसऱ्या खुर्चीवर टॅब. तोंडी परीक्षेचं चित्रण होणार, ते तिथल्या तिथे पोर्टलवर चढणार. बाकीच्यांना त्यांनी लांब, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्या झाडाखाली पाठवलं. आवाज पोचू नये म्हणून. त्या बायांच्या बाबतीत झाड आणखी लांब असतं तर बरं झालं असतं, पण ते मी बोलले नाही.

पहिली आली ती लेकुरवाळी. सभासदाचे हक्क, सभेची नोटीस, लाभांश म्हणजे काय, सगळं तिने अडखळत का होईना, बरोबर सांगितलं. मग सरांनी तो प्रश्न विचारला. बाई वारंवार गैरहजर असेल तर काय कराल?

"तिच्या घरी बैठक न्याची."

"पुस्तकात दंड आहे."

"असंल बापा. पन मी बाळंत झाली तवा गट माह्या बाजेपाशीच बसला होता. ओल्या बाळंतिनीले दंड करता का तुमी?"

सरांनी ते लिहून घेतलं. त्यांनी दुसरीला बोलावलं. उत्तर तेच. तिला नवऱ्याने गटात जायला बंदी केली होती, तर सगळ्या जणी तिच्या अंगणात येऊन बसल्या. "दुसऱ्या बैठकीले त्याच्यानं राहवलं नाई, त्यानंच चहा ठेवला." तिसरीच्या सासूचं आजारपण निघालं होतं. चौथीला टायफॉइड झाला होता. उत्तर सगळ्यांचं एक आणि कारण प्रत्येकीचं स्वतःचं. सरांचं लिहिणं कधीच थांबलं होतं. टॅबकडे बघायचंही ते विसरले होते, नुसते ऐकत होते. एवढे दिवस मनात चुकचुकणारी पाल गेली आणि मी तिच्या जागी एक मोठा, जाहीर अभिमान आणून बसवला. जणू हे सगळं मीच शिकवलं होतं!

शेवटी मदतनीसबाई आल्या. डोक्यावर पदर, ताठ बसलेल्या. सगळी उत्तरं खणखणीत दिली. मग तो प्रश्न आला.

"नियमाप्रमाने दंड आकारावा," त्या एका दमात म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. "चाचणीत तर तुम्ही दुसरं लिहिलं होतं."

"हाव. आता वाचलं पुस्तक."

"बाकी सगळ्या आपापल्या उत्तरावर ठाम आहेत. एकट्या तुमचंच बदललं. म्हणजे मी काय समजू? चाचणीत दुसरीचं बघून लिहिलं होतं?"

सगळ्यांत ज्यांचं जास्त अडलेलं, नेमक्या त्याच सापडल्या. मधे बोलावंसं वाटलं, पण चित्रण चालू होतं. मी ओठ घट्ट दाबून बसले, आणि ज्यांनी मला वर्गात ऐकलंय त्यांना कळेल की हे सोपं नव्हतं.

बाईंनी पदर मागे सारला. "सायेब, खरी गोठ सांगू? माहा मालक गेला तवा मी घराभाईर पडनंच सोडलं. कामाले नाई, गटात नाई. आत भिताडाकडं तोंड करून पडून राहो. या साऱ्या जनी येत, भाईरच्या खोलीत चटई टाकत, बैठक करत अन् जात. मले कोनी उठ म्हटलं नाई. कोनी आत डोकावलं नाई. लय दिवस चाललं असं. मंग एक दिवस लोनच्याचं माप ठरवून राहिल्या होत्या. इतकं मीठ सांगतलं एकीनं, का मले आत राहवलंच नाई. तठूनच वरडली, इतकं मीठ टाकून गिऱ्हाईक मारता का? अन् उठून भाईर आली. तवापासून भाईरच हाय."

माझे डोळे भरून आले होते, आणि मीठ ऐकून मला हसूही येत होतं. दोन्ही एकदम आल्याने नाक शिंकरावं लागलं.

"मग आत्ता दंड का म्हणालात?" सरांनी अगदी हळू विचारलं.

"मले पास व्हाचं हाये ना."

सरांनी टॅब हातात घेतला. "आता सांगा, कोणतं उत्तर लिहू? दंड लिहिलं तर गुण मिळेल. दुसरं लिहिलं तर नाही. चाचणीबद्दल माझ्या मनात आता काही शंका नाही. लाल खूण तर मी सगळ्यांची काढतोच आहे."

बाईंनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, आता काहीतरी थोर बोलतील. त्या म्हणाल्या, "दंडच लिवा सायेब. नापास बाईचं खरं कोन आयकते? पास झाल्यावर सांगू."

सर इतके मोठ्याने हसले की ती इवली खुर्ची करकरली आणि लिंबाखालच्या सगळ्या जणी काय झालं म्हणून रस्ता ओलांडून धावत आल्या. त्यांच्यासमोरच त्यांनी एकेकीचं नाव उघडून खूण काढली. मग बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात झाला, मिरचीचं लोणचं झालं. सरांनी घरी न्यायला एक बरणी मागून घेतली.

सेविकेची जागा बाईंना मिळाली, ती नंतर, पावसाळ्याच्या तोंडावर. पण मला आठवतो तो निकालाच्या दिवशीचा फोन. मी टेबलावरची यंत्रं बाजूला सारून कैरी चिरत होते.

"मॅडम, पास! साऱ्याच्या साऱ्या पास!" मागे बायांचा कल्ला ऐकू येत होता. मला हुंदका आवरेना. फोनवर रडणारी मास्तरीण मी पहिलीच नसेन. माझं रडणं त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग ठसठशीत आवाजात म्हणाल्या, "आता त्या सायेबाले सांगा, माहं उत्तर बदला म्हना. दंड-गिंड काई नसते. बाईच्या घरी जा लागते."

मी लगेच अमरावतीला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. सर म्हणाले, "मॅडम, आता कसं होणार? पोर्टल तर बंद झालं."

"मग उघडा," मी म्हटलं.